बेरीया गावातला नगरचा माग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तुमच्या पुरवणीत अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरभागावर लेख आला होता. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी, नशेच्या गोळ्यांपायी वाया गेलेली तरुण पोरं, ओस पडलेले बाजाररस्ते, असं सगळं. त्यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. माझी मुलगी तिकडं लेक्सिंग्टनला हॉस्पिटलमधे काम करते, तिचे कितीतरी पेशंट त्या डोंगरातनं येतात आणि फोनवर तिचा आवाज ऐकूनच मला कळतं की आजचा दिवस कसा गेला असेल. पण तो लेख वाचून बाजूला ठेवून देता येईना. कारण त्याच डोंगराच्या पायथ्याचं एक गाव मी स्वतः बघून आलेय, एकदा नाही चार वेळा, आणि त्या गावाचा आपल्या नगरशी जो संबंध आहे तो माहिती असलेला एकही माणूस मला नगरमधे अजून भेटलेला नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर मधलं काहीही कापा पण शेवटचा मागाचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

गावाचं नाव बेरीया. तिथले लोक बोलताना 'बरीया' म्हणतात. केंटकी राज्य, मॅडिसन काउंटी. लेक्सिंग्टनहून हायवेनं दक्षिणेला पाऊण तास. लेक्सिंग्टनच्या भोवतीचा मुलूख म्हणजे रेसच्या घोड्यांची कुरणं, लांबच लांब लाकडी कुंपणं, गवत इतकं जाड की वाटतं गालिचाच टाकलाय, सगळी सधन जमीन. तिथून निघालं की जरा वेळानं समोर गोल गोल टेकड्या उभ्या राहायला लागतात आणि रान बदलतं, आपल्याकडं संगमनेर सोडून अकोले तालुक्याच्या बाजूला लागलं की जसं बदलतं ना तसं. बेरीया बरोबर या सांध्यावर आहे. मागं सपाट श्रीमंत केंटकी, पुढं डोंगरातली गरीब केंटकी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपंधरा हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. हायवेच्या कडेला मोटारींचे पार्ट बनवणारे कारखाने आहेत, बरीच माणसं तिथं कामाला जातात, पेट्रोल पंप आणि बर्गरची दुकानं अमेरिकेत सगळीकडं असतात तशी आहेतच. ते ओलांडून आत गेलं की मग खरं गाव लागतं.

आतलं गाव दोन भागात आहे. एक बेरीया कॉलेजच्या चौकाभोवतीचं आणि दुसरं जुन्या रेल्वे स्टेशनजवळचं, तिथं आता गाडी थांबत नाही, स्टेशनच्या इमारतीत गावाची माहिती देणारं ऑफिस केलंय आणि आजूबाजूच्या जुन्या दुकानांत कारागीर बसतात. मातीची भांडी, लाकडी खुर्च्या, काचकाम, विणकाम. डल्सिमर नावाचं एक वाद्य करतात, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं, तीन-चार तारा, आवाज अगदी बारीक आणि गोड. केंटकीच्या विधिमंडळानं १९८८ साली या गावाला राज्याच्या लोककलांची आणि हस्तकलेची राजधानी असं अधिकृत नाव दिलंय. आमच्यासारख्या बाहेरच्यांना त्या नावाचं काही वाटत नाही, पण तिथं बसलेल्या म्हातारीला विचारा, छाती फुगवून सांगते.

मला सगळ्यात आवडलं ते झाडूंचं दुकान. कॉलेजची पोरं स्वतः झाडू बांधतात, १९२० पासून हे काम तिथं चालू आहे. मी हातात घेऊन बघितलं तर ते गवत ओळखीचं वाटायला लागलं, विचारलं तर कळलं की ते गवत नाहीच, ती ज्वारीची जात आहे! ताटाला दाणा कमी आणि वरचा तुरा लांब लांब, त्या तुऱ्याचेच झाडू. आणि पुढच्या एका दुकानात बरण्या मांडलेल्या, काळसर-सोनेरी पाक, 'सोर्गम' म्हणून. चाखला तर काकवी. गोड ज्वारीचं ताट चरकात घालून रस काढायचा, उघड्या कढईत उकळायचा, वरची मळी काढत राहायची, आपलं गुऱ्हाळच की. ज्वारी खाऊन वाढलेल्या नगरच्या बाईला सात समुद्रापलीकडं ज्वारी अशी भेटावी, मी तिथंच बाकावर बसले जरा वेळ.

आता गाव वसलं कसं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

केंटकी हे गुलामगिरी असलेलं राज्य. तिथं जॉन फी नावाचा एक पाद्री होता, त्याचा बाप स्वतः गुलाम बाळगणारा. फी गुलामगिरीच्या विरुद्ध उघड बोलायला लागला तेव्हा बापानं त्याला वारशातून काढून टाकलं. त्यानं बापाच्या घरातली एक गुलाम बाई, जुलिएट माइल्स, स्वतः पैसे देऊन विकत घेतली, कशाला तर मुक्त करायला. ही बाई पुढं आपली मुलं-नातवंडं सोडवायला परत गेली, नदीच्या काठावर पकडली गेली आणि तुरुंगातच वारली. हे मी वाचलं तेव्हा रात्री झोप आली नाही. मुक्त झालेली बाई परत गेली, काय काळीज असेल ते.

तर या फीला कॅशियस मार्सेलस क्ले नावाच्या जमीनदारानं इथं जागा दिली. क्ले स्वतः गुलामगिरीविरोधी राजकारणी. (मुष्टियोद्धा महंमद अलीचं जन्मनाव हेच होतं, त्याच्या वडलांना हे नाव या क्लेवरून ठेवलेलं आणि वडलांचं नाव मुलाला.) फीनं गावाचं नाव बायबलातल्या बेरीया गावावरून ठेवलं आणि १८५५ साली एका खोलीची शाळा काढली, रविवारी तीच खोली चर्च. १८५९ साली गुलामगिरी मोडायला निघालेल्या जॉन ब्राउननं व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीला उठाव केला, सगळ्या दक्षिणेत गुलाममालक बिथरले, त्या डिसेंबरात हत्यारबंद माणसं बेरीयात आली आणि दहा दिवसांत गाव सोडा म्हणून बजावलं. फी आणि त्याच्या बरोबरची कुटुंबं थंडीत ओहायोला गेली. यादवी युद्धात फी कॅम्प नेल्सन या छावणीत काळ्या सैनिकांना आणि त्यांच्या बायकामुलांना शिकवत राहिला आणि युद्ध संपल्यावर परत येऊन त्यानं शाळा पुन्हा उघडली. १८६६-६७ चा पट मी तीनदा वाचला: ९६ काळी मुलं, ९१ गोरी मुलं. एका वर्गात. मुलगे आणि मुलीसुद्धा. गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम वर्ष झालेलं, कालपर्यंत ज्यांची खरेदी-विक्री होत होती त्यांची पोरं आणि डोंगरातल्या गरीब गोऱ्यांची पोरं एका बाकावर. मी शिक्षिका होते ३१ वर्षं, हजेरीचा पट म्हणजे काय असतो ते मला माहितीये, कुठल्या पोराशेजारी कुणाला बसवलं म्हणून पालक शाळेत येऊन कसे भांडतात तेही मी बघितलंय. म्हणून हे आकडे मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठे वाटतात.

बरं नुसतं शाळेत नाही. गावात जमिनीचे प्लॉट विकतानासुद्धा काळ्या आणि गोऱ्या कुटुंबांची घरं एकमेकांच्या शेजारी येतील असं बघून विकले जायचे, म्हणजे वेगळा वाडा, वेगळी वस्ती होऊच द्यायची नाही. आपल्याकडं गावकुसाबाहेरची वस्ती म्हटलं की काय ते सांगायला नको. दीडशे वर्षांपूर्वी एक गाव असं ठरवून वसवता येतं हे मला माहिती नव्हतं.

याच शाळेचं पुढं कॉलेज झालं, तिथून पहिल्या पदव्या मिळाल्या १८७३ साली. आपल्या जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापून अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली तेही १८७३ साल. मी हे मुलीला दाखवलं तर ती म्हणाली आई योगायोग आहे. असेल योगायोग. पण जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत ज्या लोकांना हात जोडले ते लोक म्हणजे कोण, तर ही फीसारखी माणसंच ना. पुस्तकात आपण नुसतं 'अमेरिकेतले सदाचारी लोक' वाचतो, मला इथं त्यांचं एक गाव बघायला मिळालं.

पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी फक्त गोड गोड लिहिलं असं होईल. १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळात डे नावाच्या आमदारानं कायदा आणला की काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका संस्थेत शिकवायचं नाही. राज्यात असं एकच कॉलेज होतं, त्यामुळं कायदा कुणासाठी केला हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजनं कोर्टात भांडण नेलं, १००० डॉलर दंड झाला, १९०८ साली वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानंही कायदा योग्य ठरवला. न्यायमूर्ती हार्लन, ते स्वतः केंटकीचे, त्यांनी विरोधात निकालपत्र लिहिलं पण बहुमत दुसरीकडं. मग काळ्या मुलांना दुसरीकडच्या कॉलेजांत पाठवलं, त्यांच्या खर्चाला मदत केली, आणि लुइव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट नावाची वेगळी शाळा काढून दिली, ती १९१२ साली उघडली. इथल्या वर्गात मात्र काळी मुलं पुन्हा यायला १९५० उजाडलं, कायदा बदलला त्या वर्षी. ४६ वर्षं. गावातली काळी कुटुंबं त्या काळात किती कमी झाली असतील, ज्या शाळेसाठी येऊन राहिले तिचंच दार बंद. आणि हेही खरं की त्या कायद्याच्या आधीच, १८९२ ला फ्रॉस्ट नावाचे अध्यक्ष आले तेव्हापासून, कॉलेजचा ओढा डोंगरातल्या गोऱ्या पोरांकडं जास्त झुकला होता. गावातले लोक हे लपवत नाहीत, विचारलं की सांगतात, ते मला बरं वाटलं.

कार्टर वुडसन याच कॉलेजातून १९०३ ला बाहेर पडले, म्हणजे दार बंद व्हायच्या आदल्या वर्षी. त्यांनीच पुढं १९२६ साली काळ्यांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, आता अमेरिकेत फेब्रुवारी महिनाभर पाळतात तो त्याचाच वाढलेला अवतार. आणि बेल हुक्स, काळ्या बायकांच्या जगण्यावर आयुष्यभर लिहिणाऱ्या, त्या मूळच्या केंटकीच्याच, २००४ साली न्यूयॉर्क सोडून इथं शिकवायला आल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात याच गावात वारल्या.

आता कॉलेजची गोष्ट, आपल्या पालकांनी नीट वाचावी अशी. या कॉलेजात शिकवणीची फी नाही. १८९२ पासून नाही. ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची अशाच मुलांना घेतात, जास्ती करून याच डोंगरभागातली. जेवणाखाण्याचा-राहण्याचा काही खर्च घरच्यांच्या ऐपतीप्रमाणं द्यावा लागतो, पण फी शून्य. आणि प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, आठवड्याला किमान दहा तास काम करायचं. कुणी ग्रंथालयात, कुणी शेतावर, कुणी झाडू बांधतो, कुणी विणतो. चौकात बून टॅव्हर्न नावाचं १९०९ सालचं हॉटेल आहे, कॉलेजचंच, तिथं आम्हाला जेवण वाढणारी मुलगी भूगर्भशास्त्र शिकत होती. तिनं आणून दिला तो स्पूनब्रेड, मक्याचं पीठ, दूध, अंडी, लोणी घालून भट्टीत फुगवलेला, इतका मऊ की सुरीनं कापत नाहीत, चमच्यानं वाढतात. कढईतल्या गरम गरम सांज्यासारखं वाटलं मला. त्या मुलीचे वडील डोंगरात ट्रक चालवतात, घरात कॉलेजला जाणारी ती पहिली. हे सांगताना तिला लाज नव्हती की बढाईही नव्हती, टेबल पुसता पुसता सांगत होती.

माझे मिस्टर रयतच्या शाळेत 'कमवा आणि शिका' मधे शिकले. सकाळी शाळेच्या शेतात काम करायचं मग वर्गात बसायचं. ते आज नाहीत, पण त्या हॉटेलात बसून मला सारखं त्यांचं बोलणं आठवत होतं, अण्णांच्या म्हणजे कर्मवीरांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसायची ते. एकमेकांचं तोंडही न बघितलेल्या माणसांनी तिकडं केंटकीत आणि इकडं साताऱ्यात एकच गोष्ट ओळखली, की गरिबाच्या पोराला शिकवायचं तर फुकट द्यायचं नाही आणि फी पण घ्यायची नाही, त्याच्या हाताला काम द्यायचं, म्हणजे त्याची मान ताठ राहते. आज आपल्याकडं इंजिनिअरिंगच्या, मेडिकलच्या फीसाठी माणसं जमिनी विकताहेत. माझ्या वर्गातली किती हुशार मुलं बारावीनंतर कंपनीत लागली, फी भरायला नाही म्हणून, मला नावं सांगता येतील, इथं लिहीत नाही.

एक दिवस आम्ही पिनॅकल्सवर चढलो, कॉलेजच्या जंगलातली टेकडी, हजारो एकर जंगल कॉलेजच्या मालकीचं आहे. ऑक्टोबर होता. दरवर्षी ऑक्टोबरात एक दिवस कॉलेज बंद ठेवून सगळेजण या डोंगरावर जातात, माउंटन डे म्हणतात. वरून एका अंगाला सपाट हिरवं, दुसऱ्या अंगाला लाल-पिवळ्या झाडांच्या टेकड्या एकामागं एक निळ्या होत गेलेल्या. त्या निळ्यातनंच ती सगळी पोरं येतात.

आता मागाचं. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

मी नगरच्या तोफखान्यात वाढले. आमचं पद्मशाली घर, घरात तेलुगू, दारात मराठी. आजोबांच्या पुढच्या खोलीत खड्डामाग होता, लुगडी विणायचे. मी लहान असताना तो बंदच पडलेला, खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या आणि फळ्यांवर बसून आई विड्या वळायची. आमच्या आळीतल्या बऱ्याच घरांची हीच गोष्ट आहे, आधी माग, मग विडी. आजीनं मात्र कांड्या भरायचा चरखा शेवटपर्यंत टाकून दिला नाही.

तर त्या जुन्या स्टेशनातल्या ऑफिसात एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं कुठून आलात. मुलगी म्हणाली इंडिया. इंडियात कुठं. मी म्हटलं मुंबईपासून लांब आहे, तुम्हाला माहिती नसणार, अहमदनगर. तर त्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, चर्चिल जिथं होते ते अहमदनगर? मला वाटलं विन्स्टन चर्चिल, म्हटलं नाही हो. त्या म्हणाल्या, आमचे चर्चिल, मागवाले. त्या बाईंची आई या चर्चिलांकडं विणकामाला होती.

डेव्हिड कॅरोल चर्चिल. शिकलेला इंजिनिअर, बॉस्टनच्या एमआयटीचा. विसाव्या शतकाच्या अगदी सुरवातीला अमेरिकन मराठी मिशनतर्फे नगरला आला. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात मिशनकडं अनाथ पोरं खूप आली होती, त्यांना नुसतं वाचायला शिकवून पोट कसं भरणार, काही हुन्नर पाहिजे, म्हणून मिशनच्या उद्योगशाळेचं काम वाढलं. त्यातच हा माणूस नगरच्या विणकरांचा माग बघत बसायचा. गिरणीच्या कापडानं हातमाग मरत चाललेला. जुन्या मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, एका हातानं टाकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा, त्यामुळं वेगाला मर्यादा आणि पन्ह्यालाही, म्हणजे कापडाच्या रुंदीला, हात पुरेल तेवढाच पन्हा. दोरीला हिसका दिला की धोटा आपोआप पळतो असा खटक्याचा माग तेव्हा होताच, चर्चिलनं त्याच्यावर काम करून विजेशिवाय, विणकराच्याच बळावर चालणारा पण कितीतरी वेगाचा हातमाग नगरमधे तयार केला. त्या काळी देशात हातमाग सुधारायचे जे प्रयत्न चालले होते त्यांत नगरच्या चर्चिल मागाचं नाव घेतलं जायचं.

पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला तो आणि त्याची बायको एलेनॉर बेरीयाला आले, कॉलेजात शिकवायला. आणि इथं काय, तर डोंगरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मागावर विणत आलेल्या. लोकरीच्या-सुताच्या नक्षीदार जाड चादरी. १८९० च्या दशकात फ्रॉस्टसाहेबांना त्या चादरी इतक्या आवडल्या की पोरांच्या खर्चापोटी कॉलेज चादरी घ्यायला लागलं, आया चादरी विणून पोरांना शिकवायच्या. कॉलेजनं त्याचा मोठा विभाग केला, १९११ पासून अ‍ॅना अर्नबर्ग नावाच्या स्वीडिश बाईनं तो सांभाळला. म्हणजे विणणाऱ्यांचं गाव तयारच होतं. त्यात नगरहून आलेला हा इंजिनिअर. १९२२ साली नवराबायकोनं स्वतःचा कारखाना काढला, चर्चिल वीव्हर्स. माग त्यानं बांधले, धंदा तिनं सांभाळला, नमुने घेऊन गावोगाव जाणं, दुकानदारांशी बोलणं, रंग ठरवणं सगळं तिचं. बाळाच्या दुपट्यांपासून शाली-स्कार्फपर्यंत सगळं हातमागावर. अमेरिकेतल्या नावाजलेल्या हातमाग कारखान्यांत त्याची गणना झाली आणि तो ८५ वर्षं चालला, मंदीतून, दुसऱ्या महायुद्धातून, शेवटी २००७ साली बंद पडला. कापडाचे हजारो नमुने आता केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट, तिथल्या केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीनं जपून ठेवलेत, तारखेसकट, डिझाइनसकट.

त्या बाईंनी कपाटातून एक दुपटं काढून मला हातात दिलं, त्यांच्या आईच्या हातचं. फिकट निळं, लोकरीचं, काठाला दशा. मी उलटं करून बघितलं, आजोबा बघायचे तसं, मागच्या बाजूनं गाठी कुठं आहेत ते. मला रडू आलं आणि त्या बाईंनी काही न विचारता माझा हात धरून ठेवला.

नगरच्या मागाची अक्कल घेऊन गेलेल्या माणसानं तिकडं एका डोंगराळ गावातल्या बायकांना ८५ वर्षं काम दिलं. तिकडं त्याचा एकेक चिंधीचा तुकडा नंबर घालून ठेवलाय. आणि ज्या गावात हे सुरू झालं तिथं, आमच्या तोफखान्यात, नव्या पोरांना माग म्हणजे काय तेच दाखवता येत नाही. मिशनचं नगरला काय काय झालं ते आपण मुलींच्या शाळेपुरतं लक्षात ठेवलंय. फेरारबाईंची शाळा जोतीरावांनी इथंच बघितली, सावित्रीबाई तिथं शिकायला आल्या, हे मी दरवर्षी ३ जानेवारीला वर्गात सांगायची. मागाचं मला स्वतःलाच माहिती नव्हतं, विणकराची नात असून.

म्हणून माझी नगरकरांना, आता अहिल्यानगरकर म्हणते, विनंती आहे. ज्यांच्या घरात आजा-पणजानं मिशनच्या शाळेत विणकाम शिकल्याची आठवण असेल, ज्यांच्या माळ्यावर जुन्या खटक्याच्या मागाचा एखादा तुकडा असेल, फणी असेल, धोटा असेल, ज्यांच्या अल्बममधे विणकामाच्या वर्गाचा फोटो असेल, त्यांनी तुमच्या पेपरच्या नगर ऑफिसात कळवावं. मिशनची जुनी कागदपत्रं ज्या संस्थांकडं असतील त्यांनी ती वाळवीला लागायच्या आधी एकदा उघडून बघावीत. फोटो काढायला, लिहून घ्यायला मी स्वतः येईन, पाथर्डी-शेवगावपर्यंत यायची तयारी आहे. आमच्या मार्कंडेय मंदिरात एका भिंतीला एक कपाट मिळालं तरी सुरवातीला पुरे, त्याबद्दल मंडळींशी माझं बोलणं चालू आहे. पेपरवाल्यांनाही विनंती की तुमचा एखादा तरुण वार्ताहर यामागं लावा, आमच्या आळीत माग चालवलेले दोन म्हातारे अजून आहेत, एकाचं वय ९१.

आजोबांचा धोटा माझ्याकडं आहे, शिसवी, टोकाला लोखंड, मधे झिजून बोटाचा खळगा पडलाय. त्याचा फोटो मी बेरीयाच्या त्या बाईंना पाठवला तर त्यांचं उत्तर आलं की आईचा धोटा माझ्याकडंही आहे, कधी येताय. मे महिन्यात जातेय. त्याआधी नगरमधे काही हाती लागलं तर त्याचे फोटो सोबत नेईन, आणि तिथल्या नमुन्यांचे फोटो इकडं आणीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
तोफखाना, अहिल्यानगर